घोरपड, सर्व प्रकार

कागद जळाले म्हणून मला बोलावलंय.
शिवडीच्या धक्क्यामागे, पोटापर्यंत गाळात रुतलेल्या
सतरा घोरपडी. कुठली कुठली,
हे सांगणारं दुसरं कोणी आता उरलं नाही.
इस्माईल परकार गॅसकटर पेटवून उभा.
"बाई, लवकर. साडेअकराला भरती."

नाव माझं नव्हतं. मी सुचवला होता खेकडा,
कारण चालायचं होतं खाडीतच, सहा पायांवर, तिरकं.
पण वर कोणाला तरी किल्ला आठवला, दोर आठवला,
आणि फाईल एका दिवसात मंजूर झाली.
विक्रोळीला तिसऱ्या मजल्यावर
मी पहिली रेघ ओढली, तेव्हा खाली
कँटीनमध्ये कांदाभजी तळत होते.
आराखड्यावर तेलाचा एक डाग पडला,
प्रत काढताना तोही छापला गेला,
आणि कारखान्यातल्या कोणा हुशार पोराने
बरोबर त्या जागी भोक पाडलं.
सगळ्यांना आहे ते. डाव्या कानामागे.
त्यावरून ओळखते मी यांना.
आई ओळखते तशी नाही, शिंपी ओळखतो तशी.

ही पहिली. चौघांची बैठक,
आत अजून उदबत्तीचा वास.
लिहा परकार, घो-एक,
वजन बेचाळीस टन, माणसं सोडून.

ती लांबुडकी, पाठीवर घडीचा पूल.
चाचणीला पाहुणे यायच्या आतच तो उघडला
आणि मिटेचना.
दोन दिवस ऐरोलीची पोरं त्यावरून
पलीकडे क्रिकेट खेळायला गेली.
हिच्या हातून झालेलं एवढंच काम मला ठाऊक आहे.
पुरे आहे.

घो-दोनला डोळे नव्हते, नाक होतं.
माणसाच्या घामामागे जायची.
मे महिन्यात आणली माझगावला,
फाटकातच तासभर गरगर फिरली
आणि मटकन बसली.
परकार हसतो. मीही.
मग दोघंही हसत नाही,
कारण डिसेंबरात, थंड मुलखात,
ती बसली नव्हती.

घो-तीनबद्दल मी बोलणार नाही.
तिला आधी कापा.

आणि ही, काठापासून लांब, एकटी,
कुरवांनी शिटून पांढरी केलेली,
घो-चार. हिच्यात बसायला जागाच नाही.
माणूस काढून टाकल्यावर जी पोकळी उरली
तिथे आवाज बसवायचं ठरलं,
तोवर पैसे संपले होते, म्हणून माझा घेतला.
सर्दी झाली होती मला त्या दिवशी.
काचेच्या खोलीत दहा वाक्यं वाचली, बाराशे रुपये मिळाले.
पुढे कोण आहे. मागे सरका. ओळख सांगा.
दारूगोळा शिल्लक नाही. वगैरे.

पत्र्यावर कोणीतरी खडूने लिहिलंय:
दोष – बुरूज उलटा. दुरुस्ती होत नाही.

परकार वर चढतो,
कानामागच्या भोकाला ज्योत टेकवतो,
आणि ती बोलते.
चोंदलेल्या नाकाने, तेवीस वर्षांपूर्वीच्या माझ्या आवाजात:
मागे कोण आहे.

हे मी वाचलंच नव्हतं.
पुढे कोण आहे, वाचलं होतं. मागे सरका, वाचलं होतं.
तिनेच कुठल्याशा रात्री, कुठल्याशा सीमेवर,
एकाचं तोंड तोडून दुसऱ्याच्या धडाला लावलं
आणि हुकूम जिकडून यायचा
तिकडे मान फिरवली.

परकारने ज्योत विझवलीय.
"कुणाला विचारतेय ही?"

पाणी पहिल्या पायाला लागलं.
मी चपला काढून हातात घेते, गाळात उतरते,
वळसा घालून मागे जाते,
नळी जिथे रोखलेली आहे तिथे,
घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत.

ओळख सांगा, ती म्हणते.
हे मात्र मी वाचलेलं.

शुभदा दत्ताराम नाबर.
ड्राफ्ट्समन, तिसरा मजला.

"बाई," परकार ओरडतो वरून, "पाणी!"